पावती कुणाच्या नावे?

मिरकरवाड्याहून निघालेली मासळीची गाडी ओळखण्यासाठी तिच्या हौद्यात डोकवावे लागत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. मागच्या फाळक्याच्या फटीतून बर्फाचे पाणी ठिबकत असते आणि डांबरावर एक ओली, चकाकती रेघ उमटत जाते. नुसते पाणी असते तर कुणाचे काही बिघडले नसते. पण त्यात मासळीची चरबी असते, रक्त असते, खवले असतात. हातखंब्याच्या उतारावर किंवा पुढे आंबा घाटातल्या वळणावर या रेघेवर पुढचे चाक गेले आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबला, तर पुढचे सांगायला नको. कोकणातले मुरलेले दुचाकीस्वार मासळीच्या गाडीमागे राहत नाहीत. एक तर तिला घाईघाईने मागे टाकतात, नाही तर कडेला थांबून चहा घेतात. यातला कोणता मार्ग बरा, हे कळायला सरकारी फलक लागत नाही.

ही रेघ उचलून मंत्रालयात नेली तर काय होईल? परिवहन खाते म्हणेल, पाणी मासळीचे आहे. मत्स्यव्यवसाय खाते म्हणेल, सांडले रस्त्यावर आहे. बांधकाम खाते म्हणेल, रस्ता आमचा असला तरी तो कोरडा ठेवणे आमच्या निविदेत नाही. गाडीच्या तळाला पाणी साठवणारी एक टाकी आणि तिला एक तोटी, एवढा हा प्रश्न आहे. पण टाकी बसवून घेण्यापेक्षा अधूनमधून एखाद्या चालकाला अडवून दंड करणे सोपे असते, आणि सोपे ते आधी होते.

आमचे म्हणणे या टाकीपुरते नाही. रस्त्यावरचे मरण आणि समुद्रातला मत्स्यदुष्काळ या दोन्हींवर सरकार धोरण करते आणि दोन्हींची फाइल वेगळ्या मजल्यावर असते. रीत मात्र एकच आहे. नुकसान झाले की जागेवर जो शेवटचा माणूस सापडेल, त्याच्या नावे पावती फाडायची. त्याच्या आधीच्या साखळीत कोण कोण होते, हे विचारायचे नाही.

घाटात दुचाकीस्वार पडून गेला की पोलिस ठाण्यात नोंदल्या जाणाऱ्या फिर्यादीची भाषा पाठ व्हावी इतकी ठरलेली आहे. हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगाने वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत. यातले ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे शब्द जरा थांबून वाचावेत. रस्त्याच्या परिस्थितीकडे लक्ष देण्यासाठी ज्यांना पगार मिळतो, ज्यांना देखभालीचा ठेका मिळतो, ज्यांना पाहणीचा भत्ता मिळतो, त्या सगळ्यांना वगळून दुर्लक्षाचा आरोप ठेवला जातो तो मेलेल्या माणसावर. आरोपी मयत असल्याने खटला चालत नाही. नोंदवही मात्र पुरी होते, आणि याच नोंदवह्यांची बेरीज होऊन देशाचे धोरण ठरते.

ती बेरीज अशी. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. पुढच्या वर्षी हा आकडा पावणेदोन लाखांच्या जवळ सरकला. महाराष्ट्रात २०२२ साली १५,२२४ जण दगावले. गेलेल्यांत दुचाकीस्वार सर्वाधिक, त्यांच्याखालोखाल पायी चालणारे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालात कारणांचा तक्ता असतो. त्यात ७१ टक्के मृत्यू वेगामुळे झाल्याचे दिसते. खड्ड्यांच्या नावावर १,८५६ जातात, म्हणजे जेमतेम एक टक्का. मुंबई-गोवा महामार्गाने एकदा तरी पावसाळ्यात प्रवास केलेल्या माणसाने हा एक टक्का मनातल्या मनात पडताळून पाहावा. वेग हे कारण नाही असे नाही. पण वेग हा रकाना भरायला फार सोयीचा आहे. मेलेला माणूस ‘मी चाळीसवर होतो’ असे सांगायला येत नाही, आणि खड्डा लिहिला की पुढचा प्रश्न येतो: खड्डा कुणाचा?

डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरींनी सांगितले की आंतरराष्ट्रीय परिषदांत रस्ते अपघातांची चर्चा निघाली की त्यांना तोंड लपवावेसे वाटते. इतका प्रांजळपणा या विषयावर क्वचितच ऐकू येतो आणि त्याबद्दल त्यांना गुण द्यायला हवेत. भारताने २०१५ साली ब्राझीलियात सही करून २०२० पर्यंत बळी निम्म्यावर आणण्याचे वचन दिले होते. २०२० उजाडले तेव्हा स्टॉकहोममध्ये मुदत २०३० झाली. मुदत वाढवून मागण्याची कला आपले ठेकेदार सरकारकडून शिकले की सरकार ठेकेदारांकडून, हा संशोधनाचा विषय आहे.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली, हेल्मेट नसण्यापासून सिग्नल तोडण्यापर्यंतचे दंड वाढले आणि महाराष्ट्रात त्यावर बरीच बोंब झाली. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे राज्याने वाढीव दंड दोन वर्षांहून अधिक काळ लांबवले. या गदारोळात एका कलमाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. कलम १९८-अ. रस्त्याचे आरेखन, बांधकाम आणि देखभाल ठरलेल्या मानकांनुसार केली नाही आणि त्यामुळे कुणी मेले किंवा कायमचे अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना दंड होईल, असे हे कलम सांगते. पहिल्यांदाच कायद्याने मान्य केले की रस्ताही आरोपी असू शकतो. दंडाची रक्कम? एक लाख रुपयांपर्यंत. म्हणजे कमाल एक लाख. किलोमीटरला कोट्यवधी रुपये मोजून होणाऱ्या कामात एक लाख ही रक्कम उद्घाटनाच्या मांडवातही पुरणार नाही. महामार्गाच्या ठेकेदारांवर गुन्हे दाखल झालेच नाहीत असे आम्ही म्हणत नाही; झाले आहेत, न्यायालयांनी खडसावल्यावर आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर. पण या कलमाचा धाक वाटून एखाद्या अभियंत्याने वळणाचा उतार पुन्हा मोजायला लावला, असे काही दिसत नाही.

याच्या शेजारी समुद्राचा कायदा ठेवून पाहा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली, कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले आणि दंड अनेक पटींनी वाढले. एलईडी दिव्यांचा झोत पाण्यात सोडून मासे गोळा करून मारले तर दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत. म्हणजे समुद्रात नको तो दिवा लावला तर किमान पाच लाख. आणि रस्त्यावर हवा तो दिवा लावला नाही आणि त्या अंधारात माणूस मेला, तर कमाल एक लाख. मासळीचा जीव सरकारला इतका प्यारा झाला, याचा आम्हा मासे खाणाऱ्यांना आनंदच वाटायला हवा.

पण तो आनंद टिकत नाही. एलईडीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. तरी मालवण, देवगड, हर्णैच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री उभे राहिले की क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो, असे रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार सांगतात. गस्तीला खात्याकडे बोटी असतात त्या बहुतेक भाड्याच्या. समोरच्या नौकेचे इंजिन आणि गस्ती नौकेचे इंजिन यांची शर्यत लावली तर पैज कुणावर लावायची हे शेंबड्या पोरालाही कळेल. सिंधुदुर्गात परराज्यातून येणाऱ्या बोटींना लोक ‘हायस्पीड’ म्हणूनच ओळखतात. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू झाली आहे. ड्रोन चांगलाच. तो आकाशातून बोट दाखवतो. बोट धरून बंदरात आणायला शेवटी बोटच लागते.

मासळी कमी झाली म्हणजे नेमके काय झाले, हेही नीट समजून घ्यायला हवे. ‘समुद्र संपला’ असे रडगाणे खोटे आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था म्हणते की २०२२ साली तपासलेल्या १३५ मत्स्यसाठ्यांपैकी ९१ टक्के ठाकठीक आहेत. पण तीच संस्था सांगते की २०१९ साली महाराष्ट्रात उतरलेली मासळी २.०१ लाख टन होती, तोवरच्या ४५ वर्षांतली सर्वांत कमी. आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांश घट. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ आली आणि बोटी बंदरातच बांधून राहिल्या, हे खरे. गंमत पुढे आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे त्याच सुमाराचे आकडे चार लाख टनांच्या वर. एकाच समुद्राचे, एकाच मासळीचे दोन सरकारी आकडे, आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट! वर्ष मोजण्याची तऱ्हा आणि पद्धत वेगळी आहे हे मान्य केले तरी एवढी तफावत गळ्याखाली उतरत नाही. या दोहोंतून आपल्या सोयीचा आकडा उचलून पर्ससीनची अजस्र जाळी टाकणारेही भांडतात आणि पारंपरिक मच्छीमारही. मधे सरकार दोघांनाही मान डोलावते.

बाजारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला यातले काही कळत नाही, पण हातात आलेल्या माशावरून सगळे कळते. घोळ दिसेनाशी झाली. पापलेट दिसते, पण ते थाळीत एकटे दिसेल इतके मोठे उरले नाही; चार घेतल्याशिवाय थाळी भरत नाही. एकूण टनावारी भरून निघते ती बाकीच्या मालाने, आणि त्यातला कितीतरी कुटी, म्हणजे बारीकसारीक मासळी, म्हणून फिशमीलच्या कारखान्यात जातो. म्हणजे कोळणीच्या पाटीत येण्याआधीच पिल्लू कोंबडीच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. टन मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच.

एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती फारशी सांगितली जात नाही. मुंबईच्या समुद्रात एक चपट्या अंगाची शेवंड मुबलक मिळत असे. ट्रॉलरच्या जाळ्यात ती अंड्यांसकट येई आणि अंड्यांसकट विकली जाई. हळू वाढणारा, कमी अंडी घालणारा हा जीव. १९९४ पर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली आणि नंतर पूर्वीसारखी पुन्हा दिसलीच नाही. संशोधकांनी त्यावर निबंध लिहिले. रस्त्यावर माणूस मेला तर निदान पंचनामा होतो, चुकीचा का होईना. त्या शेवंडीचा तेवढाही झाला नाही.

तेव्हापासून शहाणपण आले नाही असे नव्हे. पर्ससीनच्या प्रश्नावर सोमवंशी समिती नेमली गेली, तिने २०१२ साली अहवाल दिला, आणि चार वर्षे विचार करून सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश काढला. राज्यातल्या ४९४ पर्ससीन परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने २६२ आणि शेवटी १८२ वर आणायची. झाईपासून मुरुडपर्यंत पर्ससीन नाहीच. बाकी ठिकाणीही फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. कागद म्हणून हा आदेश उत्तम आहे, आम्ही तो अनेकदा वाचला आहे. पण परवाना रद्द झालेली नौका विरघळून जात नाही. तिच्यावर कर्ज असते, खलाशी असतात, त्यांना दिलेल्या आगाऊ रकमा असतात. तिला बाहेर पडायची वाट दिली नाही तर ती रात्री समुद्रातच जाणार. परवाने कमी करायचे म्हणजे कुणाची तरी बोट सन्मानाने विकत घेऊन मोडायची. तिथे पैसा लागतो आणि फीत कापायला काही मिळत नाही.

पैसा दुसरीकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटींचा होता आणि लक्ष्य होते देशाचे मत्स्योत्पादन २२० लाख टनांवर नेण्याचे. त्यात तळ्यांतली शेती मोठी आहे हे खरे, पण दिशा पाहा: टन वाढवा. रस्ते मंत्रालयाचे यश मोजतात ते दिवसाला किती किलोमीटर यावर. २०२०-२१ मध्ये दिवसाला सुमारे ३७ किलोमीटरचा विक्रम झाला आणि त्याच्या जाहिराती झळकल्या. एका खात्याला टन हवेत, दुसऱ्याला किलोमीटर. एक खाते डिझेलवरच्या कराचा परतावा देऊन बोटीला लांब जायला सांगते, आणि मग मासे कमी झाले म्हणून चिंता व्यक्त करते. दुसरे सहापदरी गुळगुळीत रस्ता करून देते, गावातल्या शाळेसमोरून तो सरळ नेते, आणि मग ‘वेगाला आवर घाला’ असा फलक लावते. आधी भूक वाढवायची आणि मग उपवासाचे महत्त्व सांगायचे, असला हा प्रकार.

सीमारेषांचा खेळही दोन्हीकडे सारखाच आहे. घटनेप्रमाणे मासेमारी हा राज्याचा विषय, पण बारा सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्र. मासळीला ही रेषा माहीत नसते, पण एलईडीवाल्याला ती चांगली माहीत असते. गस्त आली की तो रेषेपलीकडे, गेली की अलीकडे. मुंबई-गोवा महामार्गावर अशीच एक रेषा इंदापूरला आहे. पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचे राज्याच्या बांधकाम खात्याकडे. काम २०११ साली सुरू झाले. तेव्हा पहिलीत असलेली पोरे आता मतदार झाली आहेत आणि रस्ता अजून ‘पुढच्या गणपतीपर्यंत’ पुरा व्हायचा आहे. चाकरमान्याचा गणपती डायव्हर्जनच्या चिखलात अडकला की प्राधिकरण दक्षिणेकडे बोट दाखवते आणि बांधकाम खाते उत्तरेकडे.

याच महामार्गावर सावित्रीचा पूलही होता. १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा केल्याचे सरकारने अभिमानाने सांगितले आणि जून २०१७ मध्ये तो खुला झाला. अभिमान रास्त आहे. १६५ दिवसांत जे होते ते आधीच्या कित्येक वर्षांत का झाले नाही, हे मात्र त्या समारंभात कुणी विचारले नसावे. अशा वेळी विचारायचे नसते.

आता उलट बाजूही मांडू, नाही तर हे नुसते सरकारवर घसरणे होईल. शेवटचा माणूस निर्दोष असतो असे आम्ही मानत नाही. कानाला फोन, डोक्याला काही नाही आणि मागे दोघे, असा दुचाकीस्वार आम्ही रोज पाहतो. दुभाजक फोडून आपल्या हॉटेलसमोर वाट काढणारा मालक रस्ता अभियंत्यापेक्षा कमी गुन्हेगार नाही. आणि समुद्रात जाळ्याची आस, म्हणजे छिद्रे, बारीक करणारे हातही आपल्याच गावचे असतात. डोल जाळ्याच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या पिशवीत, भरतीबरोबर जे येईल ते येते, त्याला काही इलाज नाही, असे नाखवा म्हणतो. खोल्याची आस मोठी ठेवली तर इलाज आहे, हे त्यालाही ठाऊक असते. शेजारचा ठेवत नाही म्हणून तोही ठेवत नाही. शेजारचा उजवीकडून घुसतो म्हणून आपणही घुसतो, तसेच.

पण म्हणूनच पावती कुठे फाडायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, बोंबील १८० पेक्षा. पापलेटाला २०२३ साली ‘राज्य मासा’ हा मानही मिळाला. मान मिळाला की जबाबदारी येते. इथे ती माशावर आली, मोठे होण्याची. केरळने २०१५ सालीच किमान आकाराचा नियम केला आणि राबवला, तेव्हा कल्पना चुकीची नाही. पण आपल्याकडे मोजपट्टी लागणार कुठे? तर लिलावात, नाही तर कोळणीच्या पाटीला. तिथे पोचलेले पापलेट मेलेले असते. ते १३५ चे निघो की ९५ चे, पुन्हा समुद्रात जाणार नाही. मोजायची ती जाळ्याची आस. ट्रॉलच्या खोल्याला चाळीस मिलिमीटरची चौकोनी आस हवी असे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगतात. हे जाळे कुणी घरी विणत नाही. ते मोजक्या कारखान्यांतून येते, मोजक्या दुकानांतून विकले जाते. त्या दुकानांवर लक्ष ठेवायला ड्रोन लागत नाही, एक लिपिक पुरतो. पण दुकानदाराला पावती नाही, कारखान्याला नाही. पाटीवाल्या बाईला आहे.

रस्त्याची आस कुठे मोजायची, याचाही धडा आपल्याकडे आहे, आणि तोही महाराष्ट्रातलाच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली दीडशेहून अधिक माणसे मेली. तिथे सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून प्रत्येक मृत्यूची जागा तपासली. कठड्याचे टोक उघडे होते का, कडेचे झाड किंवा सिमेंटचा खांब आडवा होता का, बंद पडलेला ट्रक किती वेळ उभा होता, रुग्णवाहिका किती मिनिटांत आली. मग एकेक गोष्ट बदलली. चार-पाच वर्षांत बळी निम्म्याहून खाली आले. चालक तेच होते, त्यांची सवय काही साधुसंतांची झाली नव्हती. चूक झाली तरी जीव जाणार नाही, असा रस्ता थोडाफार झाला, एवढेच. याच राज्यात त्यानंतर समृद्धी महामार्ग आला. जुलै २०२३ मध्ये बुलढाण्याजवळ एका खासगी बसला आग लागून पंचवीस जण होरपळले, तेव्हा पहिली चर्चा कसली झाली? महामार्ग संमोहनाची आणि चालकाच्या झोपेची. शेकडो किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर झोप कुणाला येणार नाही, आणि ती आली तर थांबायला जागा कुठे होती, हे प्रश्न त्यानंतर आले, हळूच.

‘ब्लॅक स्पॉट’ची सरकारी व्याख्याच पाहा. सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसे मरावी लागतात. मग ती जागा काळ्या यादीत जाते आणि निधीला पात्र ठरते. नववा माणूस मेल्यावर गावकऱ्यांनी निवेदन दिले तर ‘निकषात बसत नाही’ असे उत्तर मिळू शकते. मासळीचेही तसेच. साठा कोसळला की पॅकेज येते. तो घसरू लागला आहे असे तांडेल सांगत असतो तेव्हा त्याच्याकडे टन नसतात, फक्त अनुभव असतो, आणि अनुभवाला रकाना नाही.

श्रावण-भाद्रपदात कोकणात सरकारच्या दोन मुदती दरवर्षी हातात हात घालून येतात. एक ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो आणि बोटी बाहेर पडतात. मागोमाग गणपतीआधी खड्डे भरण्याची घोषणा होते. जूनपासूनची एकसष्ट दिवसांची विश्रांती समुद्राला पुरते का, याची बैठक होत नाही. भरलेला खड्डा एकसष्ट दिवस टिकतो का, याचीही नाही. पहिल्या आठवड्यात बंदरावर भरघोस मासळी येते आणि वर्तमानपत्रांत तिचे रंगीत फोटो येतात. त्या ढिगात पिल्ले किती, हे फोटोत कळत नाही.

आणि मग त्या ढिगातून क्रेट भरले जातात, वर बर्फ टाकला जातो आणि गाड्या हातखंब्याच्या दिशेने निघतात. फाळक्याच्या फटीतून रेघ सुरू होते. उन्हाच्या दिवसांत ती अर्ध्या तासात सुकते. एखादा दुचाकीस्वार घसरलाच, तर पोलिस पंचनाम्याला पोचेपर्यंत रस्ता स्वच्छ असतो, आणि रकान्यात लिहिले जाते: डांबरी, कोरडा, सुस्थितीत. तोवर गाडी साखरपा मागे टाकून आंब्याच्या चढणीला लागलेली असते. तिच्यात बर्फाखाली पापलेटे असतात, हाताच्या पंजात दोन मावतील एवढी.